मापटं

भाड्याचा कॅमेरा आणला गोवावेसवरून,
दिवसाचे अठ्ठावीसशे, वर आधार कार्ड ठेवून.
दस्तगीर म्हणाला, जपून रे,
आतलं काचबिच पुसायला जाऊ नकोस.
त्याच्या पोटात सेन्सर, छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर,
ऐटीत बसलेलं टपालतिकीट.
माझ्या जुन्याचा करंगळीच्या नखाएवढा.
लग्नं, बारशी, एका सावकाराचं दहावं,
सगळं त्या नखावर मावलं होतं आजवर.

वैजू कंग्राळकर दिग्दर्शक. म्हणजे शाळेत ड्रॉइंग शिकवतो
आणि रविवारी दिग्दर्शक.
पंधरा मिनिटांची फिल्म, वडगावात,
शिवलिंगप्पा हावळांच्या शेडमध्ये.
चार यंत्रमाग, दोन बंद,
एका बंद मागावर वाळत घातलेल्या मिरच्या.

वैजूला मी समजावलं आईच्या भाषेत.
आई जोंधळे मापायची.
उजेड म्हणजे जोंधळे, सेन्सर म्हणजे माप.
चिपट्यात चिपटंच मावतं, पायलीत पायली.
उजेड कमी पडला की लहान माप तळ खरवडतं,
आणि काळोखात पडद्यावर जे वळवळतं
तो त्या खरवडण्याचा आवाज.

शेडमध्ये एकच ट्यूब, तीही डोळे मिचकावणारी.
भाड्याच्यानं ती घटाघटा प्यायली.
शिवलिंगप्पांच्या गालावरचे पांढरे खुंट,
भुवईत अडकलेला जरीचा तुकडा,
एकेक केस सुटा
आणि मागचं सगळं लोणी.
दारातून दिसणारा सोसायटीचा फलक,
वर कन्नड, खाली मराठी,
(मागच्या वर्षी कुणी डांबर फासलं, कुणी पुसलं)
दोन्ही विरघळून एकच निळसर डाग.
इतक्या स्वस्तात हे भांडण मिटलेलं
मी तरी पाहिलं नव्हतं.
सिनेमासारखं दिसायलंय की रे, वैजू म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना दाखवलं.
चष्मा कपाळावर सारून
शिवलिंगप्पा बराच वेळ बघत राहिले.
तोंड बेस आलंय, म्हणाले,
पण माझा माग कुठं गेला?
आहे की मामा, पाठीमागं, जरा पुसट.
पुसट करून कसं चालंल?
ह्या तोंडाला गल्लीत कोण वळखतंय?
खटखट थांबली की मग विचारत येतात लोक.

मग छिद्र बारीक केलं, दोनवरून आठवर.
माग परत आला, धोटा आला,
फलकही आला दोन्ही लिप्यांत, डांबराच्या ओघळासकट.
आणि त्यांच्या पाठोपाठ अंधार.
आयएसओ चढवला तर तेच दाणे,
माझ्या जुन्यातले, जणू मोजून आणलेले.
तेव्हा उमगलं,
सगळंच स्पष्ट हवं असेल
तर पायली आणूनही भरायचं चिपटंच.
दस्तगीरच्या पावतीवर हे लिहिलेलं नव्हतं.

वैजू गप्प. मी अठ्ठावीसशेचा हिशेब करत गप्प.
गंगव्वानं, त्यांच्या सुनेनं,
आम्हाला न विचारता शिडी लावली.
छपरातल्या काचेच्या कौलावर
धाग्यांची लव साचून साचून घोंगडी झालेली.
ओल्या फडक्यानं तिनं ती सोलून काढली.
बेळकु पाहिजे तर आधी सांगायचं की,
उतरता उतरता म्हणाली.

उजेडाचा चौकोन मागावर पडला,
साधारण छत्तीस बाय चोवीस,
पण इंचांत.
धोटा त्यात शिरायचा, बाहेर पडायचा, शिरायचा.
केसांवरची लव झटकत गंगव्वा
भाकरी थापायला आत गेली.
तिला कुणी शूट केलं नाही.

शेवटचा शॉट कुठल्या कॅमेऱ्यानं घेतला
यावरून आमचं अजून जमत नाही.
वैजू म्हणतो भाड्याच्या. मला वाटतं, माझ्या.
फायली मिसळल्या, नावं घालायची राहिली.
कॅमेरा रात्री नऊला परत केला,
दस्तगीरनं लेन्सवर फुंकर मारून कार्ड दिलं.

एडिट करताना एका फ्रेमपाशी अडलोय.
बंद मागावरच्या मिरच्या,
एकेक सुटी दिसते,
देठासकट, सुरकुतीसकट.
संध्याकाळ झालीय
आणि त्या आत न्यायला कुणीतरी विसरलंय.